‘आता तोडा’ म्हणण्याआधी

महाराष्ट्रातले बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि गल्लोगल्लीचे फॅमिली डॉक्टर यांस,



तुमच्या दवाखान्यात रोज एक खोटं बोललं जातं. हे पत्र त्या खोट्याबद्दल आहे.

दीड वर्षाचं मूल आईच्या मांडीवर असतं. सर्दी, खोकला, दोन दिवसांचा ताप. छातीला स्टेथोस्कोप लावता लावता तुम्ही विचारता, काय काय खातो? आई सांगते, वरणभात, नाचणीचं सत्त्व, अर्धं केळं, कधी दुधात कुस्करलेली पोळी. दूध किती पितो? दोन कप. गाईचं की म्हशीचं? इथे ती क्षणभर अडखळते, शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे बघते आणि म्हणते, ‘गाईचं.’ तुम्ही लिहून घेता. त्या मुलाने पहाटे चारला, सकाळी उठल्यावर आणि दुपारी झोपताना आईचंच दूध प्यायलेलं असतं. आत्ताही ते तिची ओढणी ओढत असतं आणि ती त्याचा हात हळूच बाजूला सारत असते.

मागच्या खेपेला खरं सांगितलं तेव्हा काय झालं, हे ती विसरलेली नसते. ‘अजून अंगावर पितो? वर्ष होऊन गेलं ना! आता तोडा. त्या दुधात आता काही नसतं, नुसतं पाणी.’ हे वाक्य सासूबाईंनी ऐकलं, घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आणि पुढचे कित्येक दिवस ‘डॉक्टरसुद्धा म्हणाले’ या दोन शब्दांनी तिची रात्र आणि दिवस मोजले गेले. आत्याबाई म्हणाल्या असत्या तर तिने कानाआड केलं असतं. डॉक्टरांचा शब्द तसा टाकता येत नाही.

प्रस्तुत लेखिकेने आपल्या मुलीला दोन वर्षं आणि सात महिने पाजलं. त्यातला शेवटचा दीड वर्षाचा काळ तिने वेगवेगळ्या तीन दवाखान्यांत ‘गाईचं’ असंच सांगितलं. लिहिता-वाचता येणारी, इंटरनेट हाताशी असलेली बाई जर असं करते, तर बाकीच्या काय करत असतील याचा विचार तुम्ही करावा, म्हणून हा वैयक्तिक तपशील.

या खोट्याची किंमत केसपेपरवर दिसत नाही. आईचा घसा दुखतो म्हणून ती तुमच्याकडे येते, तेव्हा ती पाजते आहे हे ठाऊक नसताना तुम्ही औषध लिहिता. ती कुटुंबनियोजनाची गोळी मागते, तेव्हा इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने दूध कमी होऊ शकतं हे सांगायचं राहून जातं. उलट बाजूने, पाजतेय तोवर दिवस जात नाहीत या ऐकीव भरवशावर कितीतरी जणी निर्धास्त असतात. तो भरवसा पहिल्या सहा महिन्यांतला, बाळ फक्त अंगावर असतानाचा आणि पाळी परत सुरू झालेली नसतानाचा. दीड वर्षाच्या मुलाच्या आईला तो लागू नाही. पण तिला हे सांगणार कोण? ती पाजते हे तिने लपवलेलं असतं, कारण ते सांगण्याजोगी जागा तुमच्या टेबलासमोर तिला सापडलेली नसते.

आधी हे ‘वर्षा’चं गणित पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २००३ सालच्या जागतिक धोरणात स्पष्ट लिहिलं आहे : पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर वरचं अन्न आणि त्याच्या जोडीला दोन वर्षांपर्यंत किंवा त्याही पुढे अंगावरचं दूध. भारत सरकारच्या २००६ सालच्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या, म्हणजे तुमच्यातल्या बहुतेक बालरोगतज्ज्ञांच्या स्वतःच्या संघटनेच्या २०१६ सालच्या सूचनांतही हेच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना बरीच वर्षं ‘एक वर्ष किंवा अधिक’ म्हणत होती; २०२२ साली तिनेही आपलं धोरण बदललं आणि आई-मुलाची इच्छा असेल तर दोन वर्षं व त्यापुढेही पाठिंबा द्यावा असं म्हटलं. कुराणात दोन पूर्ण वर्षांचा उल्लेख आहे, आणि तुमच्याकडे येणाऱ्या अनेक मुस्लीम आयांना तो पाठ असतो. मग बारा महिन्यांची ही रेघ ओढली कोणी? कुठल्याच पुस्तकाने नाही. ती शहरातल्या घरांमधून आली आहे, जिथे चालणारं-बोलणारं मूल अंगाला लागलेलं दिसलं की माणसं नजर फिरवतात. आपल्याच आज्यांच्या पिढीत हिशेब साधा होता : पाठचं भावंड येईपर्यंत पाजायचं. ‘तुझा मामा शाळेत जायला लागेपर्यंत प्यायचा’ असं सांगणाऱ्या आज्या अजून हयात आहेत. आज्यांना ज्याचं काही वाटलं नाही, त्याचा नातसुनांना चोरटेपणा वाटतो, आणि त्या चोरटेपणावर दवाखान्याचा शिक्का बसतो आहे.

आता ‘नुसतं पाणी’. हे वाक्य इतक्या खात्रीने म्हटलं जातं की त्याला कुठला तरी आधार असावा असं वाटतं. आधार उलटाच सापडतो. २००५ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी वर्षाहून अधिक काळ पाजणाऱ्या आयांचं दूध आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळांच्या आयांचं दूध शेजारी ठेवून तपासलं, तर जास्त काळ पाजणाऱ्यांच्या दुधात स्निग्धांश अधिक निघाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात त्याच त्याच आयांचं दूध अकराव्या महिन्यापासून सतराव्या महिन्यापर्यंत पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. प्रथिनं वाढलेली होती. लॅक्टोफेरिन, लायसोझाइम आणि इम्युनोग्लोब्युलिन ए हे जंतूंशी लढणारे घटकही वाढलेले होते. जस्त आणि कॅल्शियम मात्र कमी होत गेलं होतं, आणि तेही इथे सांगायला हवं, कारण वरचं अन्न का हवं याचं उत्तर त्यातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दुसऱ्या वर्षात मुलाला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग अंगावरचं दूध देऊ शकतं. चार घासांनंतर तोंड फिरवणाऱ्या मुलाच्या आईला हा एक तृतीयांश किती मोठा असतो, हे तिला विचारून पाहावं.

आणि तापात काय होतं ते तुम्ही स्वतः पाहता. वरण नको, खिचडी नको, नारळपाणी थुंकून टाकलं जातं, पण आईजवळ घेतलं की मूल पितं. जुलाब-उलट्यांत अंगावरचं दूध चालू ठेवा, हे ओआरएसच्या बरोबरीने शिकवलं जातं. तीच आई बरं झालेल्या मुलाला घेऊन पुढच्या आठवड्यात आली की तिला दूध तोडायला सांगायचं, हे कसं जुळतं?

तुमची सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी की मूल अंगावर पितं म्हणून जेवत नाही. यात काही वेळा तथ्य असतं, ते नाकारण्याचं कारण नाही. दिवसभर दर अर्ध्या तासाला अंगाला लागणारं आणि पोळीचा तुकडाही न चावणारं दीड वर्षाचं मूल रक्तक्षयाकडे जातं, कारण आईच्या दुधात लोह फार थोडं असतं आणि जन्मतः साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येतं. अशा मुलाचं हिमोग्लोबिन तपासा, लोहाचं औषध द्या, आईला सांगा की आधी जेवण आणि मग दूध, डाळ-पालेभाजी-अंडं-नाचणी रोजच्या ताटात हवी. पण न जेवणारी सगळी मुलं अशी नसतात. जन्माच्या वेळचं वजन पहिल्या वर्षात तिप्पट होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात मूल जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग असा मंदावला की भूकही मंदावते, अंगावर पिणाऱ्या मुलाची आणि बाटलीवरच्या मुलाचीही. हे तुम्हाला पाठ आहे. आईला ठाऊक नसतं. तिला हे दोन वाक्यांत सांगितलं तर ती घरी जाऊन ताटावर मुलाशी झगडत बसणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत, सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात अवघी ११.३ टक्के निघाली. दहातल्या जवळपास नऊ मुलांच्या ताटात आधीच तूट आहे. त्या ताटाशेजारचं दूधही काढून घ्यायचा सल्ला देताना त्याच्या जागी काय येणार आहे, हे विचारलं जात नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत अंडं येईल, पनीर येईल. ऊसतोडीच्या फडावर काय येणार? तिथे कोयत्याबरोबर गेलेली आई मुलाला पाचटाच्या कडेला साडीच्या झोळीत ठेवून मोळ्या बांधते. पाणी टँकरचं किंवा कॅनॉलचं असतं. बाटली उकळायला वेळ नाही आणि सरपणही नाही. तिच्या मुलाला दिवसभरात मिळणारा सर्वांत स्वच्छ आहार तिच्याच अंगावर असतो. तालुक्याच्या दवाखान्यात तिला कोणी ‘आता तोडा’ म्हणालं, तर त्या सल्ल्याचा अर्थ सोसायटीतल्या सल्ल्याहून फार वेगळा होतो.

दूध तुटलं आणि त्याच्या जागी पुरेसं काही आलं नाही की काय होतं, याची एक जुनी गोष्ट आहे. ब्रिटिश अमलाखालच्या पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानात, सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाई १९३० च्या दशकात काम करत होत्या. त्यांच्याकडे एक ते चार वर्षांची मुलं यायची : पाय सुजलेले, केस विटलेले, कातडी सोललेली, चिडकी आणि नंतर निपचित. मोठे डॉक्टर त्याला जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या दुसऱ्या एका आजाराचं नाव देत होते. विल्यम्सबाईंनी तिथल्या गा भाषा बोलणाऱ्या बायकांना विचारलं की तुम्ही या आजाराला काय म्हणता. उत्तर आलं, ‘क्वाशिओरकोर’. पाठचं बाळ आलं की आधीच्या, जागा गेलेल्या मुलाला होणारा आजार. दूध तुटलं आणि त्याच्या जागी फक्त मक्याची पेज आली, म्हणून झालेला. १९३५ साली त्यांनी हे नाव ‘लॅन्सेट’मध्ये छापलं, आणि आज ते तुमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. एका डॉक्टरने आयांच्या तोंडचा शब्द ऐकून घेतला, म्हणून वैद्यकाला एका रोगाचं कारण कळलं. या पत्राची मूळ मागणीही त्याहून फारशी वेगळी नाही.

‘जागा गेलेलं मूल’ आपल्याकडे अनेकदा मुलगी असते. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या दोन अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांचीच आकडेवारी घेऊन २०११ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. भारतात मुलींना मुलांपेक्षा कमी काळ पाजलं जातं, आणि घरात अजून मुलगा झालेला नसेल तर मुलीचं दूध आणखी लवकर तुटतं, असं त्यात दिसलं. कारण क्रूर आहे आणि साधं आहे : पाजत राहिलं की पुढचा गर्भ राहायला उशीर लागतो, आणि मुलगा लवकर हवा असतो. मुलीचा तिरस्कार करायला कोणी बसलेलं नसतं; तिच्या पाठी भाऊ यावा एवढंच हवं असतं, आणि ती स्वच्छ पाण्याच्या व पुरेशा अन्नाच्या अभावी आजारी पडत जाते. तुमच्यापुढे अकरा महिन्यांची मुलगी घेऊन सासू-सून येतात आणि दूध आटवायची गोळी मागतात, तेव्हा ‘का?’ हा एक प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या खोलीत फक्त तुम्हाला असतो. सून तो विचारू शकत नाही.

गोळीचा विषय निघालाच आहे. दूध आटवण्यासाठी ब्रोमोक्रिप्टिन देणं अमेरिकेत १९९० च्या दशकात बंद झालं, कारण ते घेतलेल्या काही बाळंतिणींत रक्तदाब उसळणं, झटके येणं, पक्षाघात होणं अशा गंभीर घटनांची नोंद झाली होती. चालतं-बोलतं मूल सोडवायला गोळीची गरज तशीही क्वचितच असते.

औषधांबाबतची तक्रार मात्र मोठी आहे. आई आजारी पडली की पहिला सल्ला दूध थांबवायचा मिळतो. दाताचं रूट कॅनल असो, ॲमॉक्सिसिलिनचा कोर्स असो, साधा एक्स-रे असो. एक्स-रेने दुधाला काहीही होत नाही. दात बधिर करण्याचं इंजेक्शन, पॅरासिटामॉल, नेहमीची बहुतेक प्रतिजैविकं पाजणाऱ्या आईला चालतात. क्षयरोगाची पहिल्या फळीची औषधं घेणारी आईसुद्धा पाजू शकते. कर्करोगावरची केमोथेरपी, किरणोत्सारी आयोडीन, कोडीन यांसारख्या मोजक्या गोष्टींसाठी खरोखर थांबावं लागतं, आणि तिथे थांबायला सांगणं हे तुमचं कर्तव्य आहे. बाकी बहुतेक औषधांची माहिती ‘लॅक्टमेड’ या अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या संग्रहात फुकट मिळते. फोनवर नाव टाकायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं न करता ‘कशाला जोखीम, बंदच करा’ म्हणणं सोपं जातं, आणि मूल वर्षाच्या पुढचं असेल तर फारच सोपं जातं, कारण ते दूध आता अनावश्यक आहे असं आधीच ठरलेलं असतं.

या मनोवृत्तीचा अनुभव सबंध देशाने एकदा घेतला आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी कोविडचं लसीकरण सुरू झालं आणि पाजणाऱ्या आयांना त्यातून वगळण्यात आलं. पहिल्या रांगेत होत्या परिचारिका, आशाताई, अंगणवाडी सेविका. त्यांतल्या कितीतरी जणींची मुलं अंगावर होती. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिन्यात अशा आयांना लस देता येईल असं सांगितलं होतं. आपल्याकडे परवानगी आली ती १९ मे रोजी, दुसरी लाट सगळं घेऊन गेल्यावर. मधले चार महिने त्या बायकांपुढे दोनच वाटा होत्या, लस सोडायची किंवा दूध तोडलं म्हणून सांगायचं. खोटं बोलायला भाग पाडणारी हीच ती जागा, फक्त या वेळी दवाखान्याऐवजी लसीकरण केंद्रावरची.

आता तोडण्याबद्दल. कारण पाजत राहणाऱ्या आईचा कैवार घेताना, थांबावंसं वाटणारी आई मध्येच सोडून देणं बरोबर नाही. दीड वर्षं रात्री चारदा उठलेली बाई थकते. तिला नोकरी असते, अंगदुखी असते, मुलाच्या हाताचा स्पर्शही नकोसा वाटण्याचे दिवस येतात. तिने थांबायचं ठरवलं तर ते तिचं आहे. तिला दोन वर्षांचा दाखला दाखवून अपराधी वाटायला लावणं हाही अन्यायच. पण ‘तोडा’ म्हटल्यावर घरी काय होतं, हे तुम्ही कधी विचारलं आहे का? कडुनिंबाचा पाला वाटून लावतात. कोरफडीचा गर, नाहीतर कडू बोळ लावतात. काजळ फासून ‘बाऊ झाला’ म्हणतात. मुलाला आठवडाभर आजोळी पाठवून देतात. ज्या जागी त्याला जन्मल्यापासून शांत वाटलं, तीच जागा एका सकाळी कडू होते आणि आई स्वतःच ती कडू करते. ते रडून रडून झोपतं. इकडे आईचं अंग दगडासारखं होतं, ठणका लागतो, गाठ धरते, ताप चढतो, आणि दोन दिवसांनी ती तुमच्याकडेच येते, स्तनात पू झाला म्हणून. याच्या जागी काय करायचं ते तुम्हाला सांगता येईल. एका वेळचं पाजणं आधी कमी करावं, चार-पाच दिवस जाऊ द्यावेत, मग दुसरं. दुपारचं आधी, पहाटेचं आणि झोपतानाचं सर्वांत शेवटी. मागितलं तर द्यावं, आपण होऊन देऊ नये. रात्री उठल्यावर काही दिवस वडिलांनी थोपटावं. अंग दाटलं तर थोडंसं दूध पिळून काढावं, सगळं नाही. अशा रीतीने महिना-दोन महिन्यांत दूध आपोआप उतरतं. हा सल्ला द्यायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांत कडुनिंबाचा पाला वाचतो.

दातांचं तेवढं सांगून ठेवावं. रात्रभर अंगाला लागून झोपणाऱ्या मुलाचे दात किडण्याचा प्रश्न वर्षाच्या पुढे येऊ शकतो, विशेषतः बिस्किटं-साखर चालू असेल तर. उपाय आहे : झोपण्याआधी दात घासणं, दंतवैद्याला दाखवणं. दात किडतील म्हणून दूध तोडा आणि गोड पावडरीचं दूध बाटलीतून द्या, हा उपाय नव्हे.

कायद्याबद्दल तुमच्याकडून आवाज हवा आहे, कारण बायकांचा तिथे पोचत नाही. मातृत्व लाभ कायद्याने २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची रजा दिली, पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं; पण मुलाला पाजण्यासाठीच्या दिवसातल्या दोन सुट्ट्या मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंतच आहेत. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार पाजणाऱ्या आईला अंगणवाडीतून मोफत आहार मिळतो तो बाळंतपणानंतर सहा महिने. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेतही हीच सहा महिन्यांची मर्यादा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या तक्त्यात पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० किलोकॅलरी आणि पुढचे सहा महिने ५२० किलोकॅलरी जादा लागतात असं दिलं आहे. बाराव्या महिन्यानंतरचा रकानाच तिथे नाही. मुलाला दोन वर्षं पाजा असं सरकार सांगतं आणि आईच्या ताटाचा हिशेब सहा किंवा बारा महिन्यांवर थांबवतं. नंदुरबारमधली किंवा मेळघाटातली आई वर्षभरानंतर जे दूध देते, ते तिच्या स्वतःच्या हाडांतून आणि रक्तातून येतं. ‘दूध तोडा’ म्हणण्याऐवजी ‘आईला खाऊ घाला’ असं एखाद्या वैद्यकीय संघटनेने शासनाला लेखी कळवलं, तर त्याला वजन येईल.

तुमच्या भिंतींबद्दलही. १९९२ च्या आणि २००३ साली कडक केलेल्या कायद्याने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दूध पावडरीची आणि बाळअन्नाची जाहिरात, नमुने वाटणं, डॉक्टरांना भेटी देणं, त्यांच्या परिषदांचा खर्च उचलणं, सगळ्याला बंदी आहे. दोन वर्षांच्या पुढच्या ‘वाढत्या मुलांच्या’ पावडरी त्यातून सुटतात, म्हणून त्यांच्या जाहिराती उघड चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी विकलं जाणारं असं प्रत्येक दूध आईच्या दुधाला पर्याय समजून नियमांखाली आणा असं सांगितलं, आणि २०२३ च्या सूचनांत एक ते दोन वर्षांच्या मुलांना अशी पावडर देण्याची शिफारस नाही असं म्हटलं. उंची मोजायच्या तक्त्यावर, कॅलेंडरवर, पेनस्टँडवर जर डब्याचं नाव असेल, तर समोर बसलेल्या आईला तुमचं मत तुम्ही बोलण्याआधीच कळलेलं असतं. ते नाव काढून टाका, एवढीच विनंती.

हे सगळं परक्या माणसांना लिहिल्यासारखं वाटू नये. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ साली मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आईच्या दुधासाठी देशभर काम करणारी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था १९९१ च्या डिसेंबरमध्ये वर्ध्यात स्थापन झाली. बाटलीविरुद्धच्या कायद्यासाठी डॉक्टरच लढले. ‘पहिल्या तासात पाजा’, ‘चीक फेकू नका’, ‘सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको’ हे तुम्ही आणि परिचारिकांनी इतक्या वेळा सांगितलं की आज ते खेड्यातल्या आजीच्याही तोंडी आहे. पहिल्या सहा महिन्यांसाठी तुम्ही जे केलं, त्याचा उरलेल्या दीड वर्षाला स्पर्श झाला नाही, एवढंच या पत्राचं दुःख आहे.

या उरलेल्या दीड वर्षात आईच्या स्वतःच्या शरीराचीही गोष्ट आहे. तीस देशांतल्या ४७ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या विश्लेषणात, पाजण्याच्या एकूण प्रत्येक बारा महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी घटलेला दिसला. भारतीय बायकांमध्ये हाच कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. हे तिला कोणी सांगत नाही. ‘सुटेल बिचारी’ म्हणून तिच्यावर दया दाखवली जाते.

शेवटची मागणी लहान आहे. केसपेपरवर ‘आहार’ लिहिता त्या ओळीच्या खाली एक ओळ वाढवा : अंगावर पितो / पिते का? हा प्रश्न दोन वर्षांच्या, तीन वर्षांच्या मुलाच्या आईलाही विचारा, वजन-उंची विचारता त्याच आवाजात. ‘हो’ असं उत्तर आलं तर भुवई न उचलता पुढचं विचारा : दिवसा किती वेळा, रात्री किती, तुम्हाला चालू ठेवायचं आहे की सोडवायचं आहे? सासूबाई बरोबर असतील तर शक्य असल्यास त्यांना क्षणभर बाहेर बसायला सांगा. मग तिला बोलू द्या.

आपली,
तीन दवाखान्यांत ‘गाईचं’ असं सांगितलेली एक आई